रामहरीची गाडी आणि कौसल्याबाईंची बरणी

सारजामावशीच्या अंगणात गाडी थांबवून रामहरी खाली उतरला, आळस द्यायला त्यानं दोन्ही हात वर नेले आणि ते तसेच वर राहिले. गाडीखाली तेलाचं डबकं साचलं होतं. सकाळीच शेणानं सारवलेल्या त्या अंगणात काळंभोर तेल सावकाश, कुणाचीही परवानगी न घेता पसरत होतं. मावशीची एक कोंबडी त्यात पाय बुडवून ओसरीवर चढली होती आणि तिथल्या घोंगडीवर तिच्या पावलांची नक्षी उमटली होती. बारामतीहून लासुर्ण्यापर्यंत जी गाडी हूं की चूं न करता आली, तिनं पाहुण्यांच्या दारात येऊन असं करावं, याचा रामहरीला एवढा धक्का बसला की वर नेलेले हात खाली घ्यायचे असतात हेही तो विसरला.

"आगं बया! गाडीला कुठं लागलं का रं?" म्हाळसाबाईंनी गाडीतल्या बसल्या जागेवरून विचारलं.

"लागलं नाही, आई. गळतंय."

"मंग म्हातारी झाली आसंल," असं म्हणून म्हाळसाबाईंनी आपला एकेक पाय हातानं उचलून खाली ठेवला.

गाडी म्हातारी होती, हे खरंच. रामहरी बारामतीतल्या एका पतसंस्थेत हेडक्लार्क होता. ही बुटकी पांढरी गाडी त्यानं जुनीच घेतली होती आणि त्याच्याकडे येऊन ती आणखी जुनी झाली होती. काच खाली करायला हँडल फिरवावं लागे, आणि हँडल कुठल्या दाराचं कुठं आहे ते घरच्यांनाच माहीत. पण रामहरीचा जीव होता तिच्यावर. दर रविवारी तो ती पुसायचा. मात्र बॉनेटच्या आत जे काही होतं त्याच्याशी त्यानं कधी ओळख वाढवली नव्हती. पांढरा शर्ट घालणाऱ्या माणसानं इंजिनापासून चार हात लांब उभं राहावं आणि रुमालानं कपाळ पुसत "काय वाटतं?" एवढंच विचारावं, असा त्याचा साधा नियम होता.

आणि ही गाडी नुसती हौसेची नव्हती. म्हाळसाबाईंचे गुडघे कामातून गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नसे, आणि आजकालच्या उंच गाड्यांत बसायचं म्हणजे माळ्यावर चढण्यातला प्रकार. या एकाच गाडीत त्या आधी बूड टेकवून मग पाय आत घेऊ शकत. गणपतीच्या सुमाराला त्यांची धाकटी बहीण सारजा न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती बाजेवर पडली ती पडलीच. तेव्हापासून दर रविवारी म्हाळसाबाई लासुर्ण्याला यायच्या, बहिणीच्या उशाशी बसून तिचे केस सोडायच्या, तेल लावून विंचरायच्या आणि वेणी घालायच्या. सारजाला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. सून गरीब गाय, ती फणी घेऊन जवळ आली की म्हातारी तोंड भिंतीकडे फिरवायची. आठवडाभर ती त्याच वेणीवर काढायची आणि रविवारी सकाळपासून रस्त्याकडे कान लावून पडायची.

तेव्हा गाडी गळते आहे याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना लगेच कळला.

सारजामावशीचा मुलगा सिद्धू बाहेर आला. त्याचा उसाचा ट्रॅक्टर होता, त्यामुळं यंत्राची त्याला भीती नव्हती. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, मग रामहरीकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो ट्रॅक्टरच्या शेडमधून तेलाचा डबा घेऊन आला आणि त्यानं मुकाट्यानं तेल ओतलं. रामहरी शर्ट सांभाळत बाभळीखाली उभा होता.

"काय वाटतं, सिद्धू?"

"काय न्हाय, दादा," सिद्धू जमिनीकडे बघत म्हणाला. "बारामतीत मिस्त्रीला दावा एकदा. त्यो... त्यो सांगंल."

परत निघताना रामहरीनं किल्ली फिरवली. समोर नेहमीप्रमाणे छोटासा लाल दिवा लागला आणि गाडी सुरू होताच विझला. म्हाळसाबाईंनी नेहमीप्रमाणे त्याला हात जोडले. गाडीतला हा तेलाचा दिवा त्यांनी पहिल्या दिवसापासून देवाचाच मानला होता. रामहरीनं एकदा त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, पण "दिवा लागल्याव हात जोडायला काय जातंय?" असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं होतं.

वाटेत त्याच्या मनात राहून राहून एकच विचार येत होता. आत्ता खंडेनवमीला गाडीची साग्रसंगीत पूजा झाली होती. म्हाळसाबाईंच्या घरची रीतच तशी. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार देवापुढं मांडायचं. विळी, खुरपं, मेंढरांची लोकर कातरायची सासऱ्यांच्या वेळची कात्री, बायकोच्या, म्हणजे कौसल्याबाईंच्या, मिक्सरचं भांडं, रामहरीचा कॅल्क्युलेटर, सगळं ओळीनं पाटावर बसायचं. गाडीला रामहरीनं स्वतः बॉनेट उघडून, जरा लांबूनच, गंध लावलं होतं. तेवढ्यात पतसंस्थेतून फोन आला. आई पोर्चमधून काहीतरी विचारत होती, "गाडीचं काय ठिवू रं देवापुढं?" असं काहीतरी, आणि त्यानं फोनवर हात ठेवून "ठेव गं तुला काय ठेवायचं ते" म्हणून सांगितलं होतं. इतकी पूजा करून गाडीनं हे पांग फेडावेत!

घरी पोचला तर कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या. गाडी गळते आहे हे सांगण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे त्याहून मोठी बातमी होती.

"भामाबाईंनीच नेलंय. मी आता शपथेवर सांगते."

"काय नेलंय?"

"झाकण!"

कौसल्याबाईंच्या लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी होती. तिचं काळं, फिरकीचं झाकण दसऱ्यापासून बेपत्ता होतं. त्या दिवसांत शेजारच्या भामाबाई वाटीभर लोणचं मागायला आल्या होत्या, एवढा पुरावा कौसल्याबाईंना पुरेसा होता. तेव्हापासून बरणीवर वाटी पालथी घालून वर फडकं बांधलेलं होतं आणि दोन्ही घरांतली बोलाचाली बंद होती.

"अहो, माझी गाडी गळतेय."

"तुमची गाडी गळतेय, माझं लोणचं बुरशी धरतंय. कुणाला सांगायचं?"

यातली अडचण अशी की भामाबाईंचे चिरंजीव राजवर्धनराव हे सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटीच्या रस्त्यावर नुकतेच लालपिवळे पेव्हर ब्लॉक बसले होते. ते बसवून घेण्यासाठी राजवर्धनरावांनी इतके हेलपाटे घातले होते की प्रत्येक ब्लॉक त्यांना नावानं ठाऊक असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रामहरीच्या फाटकासमोर उकिडवे बसलेले दिसले. बोटानं त्यांनी डाग तपासला, वास घेतला आणि मान हलवली. मग उठून, कुणी जाणकार येऊन बघेल म्हणून रामहरीनं बॉनेट उघडंच ठेवलं होतं, त्यातही डोकावून पाहिलं आणि का कोण जाणे, खोकले.

"रामहरीराव, विकून टाका. माणसानं कुठं थांबायचं ते ओळखावं. काटकसर समजू शकतो, पण..." असं म्हणून ते थांबले.

"पण काय?"

"काही नाही. बघा बुवा."

संध्याकाळी सोसायटीचं पत्र आलं. 'आपल्या वाहनातून होणाऱ्या स्रावाबाबत' असा विषय होता आणि खुलासा मागवला होता. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागवलेल्या हेडक्लार्कला कुणी खुलासा मागावा, आणि तोही स्रावाचा! रामहरी पत्र हातात धरून बराच वेळ झोपाळ्यावर बसला. झोपाळा हलत नव्हता. मग त्यानं 'सदर डाग प्रथमदर्शनी तेलाचा दिसत असला तरी' असं एक वाक्य लिहायला घेतलं आणि ते पुरं करता येईना म्हणून कागद तसाच ठेवून दिला.

सल्ले येतच होते. एकानं साबणाची वडी चोळून भोक बुजवायला सांगितलं. भोक कुठं आहे ते त्यानं सांगितलं नाही. भामाबाईंनी बोलाचाली बंद असल्यामुळं भिंतीपलीकडून, हवेला सांगितल्यासारखं सांगितलं, "आमच्या ट्रॅक्टरच्या रेडेटरला हळद टाकली व्हती, गळाचं थांबलं." त्यावर कौसल्याबाईंनी अलीकडून हवेलाच कळवलं की हळद आहे, पण डब्यांची झाकणं राहत नाहीत. म्हाळसाबाईंनी मीठ-मिरच्यांनी गाडीची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका अजिबात आला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त होती.

शेवटी रामहरीनं गाडी भिगवण रस्त्यावरच्या म्हस्कू मिस्त्रीकडे नेली. म्हस्कू गाडीखाली सरपटत गेला, बाहेर आला, वरून पाहिलं आणि पाहतच राहिला. मग त्यानं कापडानं हात पुसत रामहरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सायेब, गाडीचं सगळं तुमी सोताच बघता वाटतं?"

"हो तर!" रामहरीची छाती फुगली. "जपतो मी तिला."

"दिसतंय," म्हस्कू म्हणाला आणि त्यानं दुसरीकडे मान वळवली.

निदान झालं ते चेंबरच्या पॅकिंगचं. इंजिनाच्या बुडाशी तेलाचा चेंबर असतो, त्याच्या सांध्यातलं पॅकिंग गेलंय म्हणे. ते बदललं. गॅरेजमध्ये गाडी घटकाभर सुरू ठेवून सगळे खाली वाकून बसले, तर एक थेंब पडेना. रामहरीनं तो कोरडा सिमेंटचा कोबा पाहिला आणि त्याला भरून आलं. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं, "रविवारी जायचं लासुर्ण्याला." म्हाळसाबाईंनी त्याच दिवशी खोबरेल तेलाची बाटली आणि फणी पिशवीत भरून ठेवली.

रविवारी गाडी भवानीनगरपर्यंत छान पळाली. उसाचा हंगाम तोंडावर आला होता. रस्त्यानं ट्रॅक्टर आपल्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत चालले होते. कारखान्याची चिमणी दिसायला लागली आणि आधी करपल्याचा वास आला. रामहरीला वाटलं कारखान्याचा असेल. मग धूर आला. तोही त्यानं कारखान्याच्याच नावावर टाकला. पण एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणी बंद करून, शेजारून वाकून ओरडून सांगितलं, "ओ काका, खालनं सगळं चाललंय की!" तेव्हा मागं वळून बघण्यावाचून इलाज उरला नाही. डांबरी रस्त्यावर काळी, चमकती रेघ थेट बारामतीकडे गेलेली होती. समोरचा लाल दिवा लागला होता आणि आता तो विझत नव्हता. म्हाळसाबाई त्याला हात जोडून बसल्या होत्या.

नवं पॅकिंग, नवं तेल, कोरडा कोबा, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. रामहरी रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. येणारे-जाणारे थांबून खाली वाकायचे, च्च् च्च् करायचे आणि निघून जायचे. एकानं बॉनेट उघडून तेल ओतून दिलं आणि ओतता ओतता तोही गालातल्या गालात हसला. रामहरी त्या वेळी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून सिद्धूला फोन करत होता.

"सिद्धू, आज येणं होत नाही रे."

तिकडून आधी सिद्धूचा आणि मग फोन कानाला लावलेल्या मावशीचा आवाज आला. "आक्का कुठंय? आक्काला दे." म्हाळसाबाईंनी फोन घेतला. सारजा काय म्हणाली ते रामहरीला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "व्हय गं. येती. पुढच्या रईवारी येती. गुंता झाला तरी कातरू नगंस," आणि फोन त्याच्या हातात देऊन ती उसाच्या शेताकडे बघत बसली. रामहरीला फार वाईट वाटलं.

म्हस्कूनं आता ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी आतली रबरी कडी, गेल्याचं सांगितलं. त्यासाठी इंजिनच खाली उतरवायला लागणार होतं. रामहरीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. इंजिन खाली उतरवलेली गाडी पुन्हा गाडी होते का, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं मुदत मागून घेतली.

मधल्या रविवारी एसटीचा प्रयोग झाला. म्हाळसाबाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कंडक्टरनं वरून ओढलं, रामहरीनं खालून आधार दिला, आणि दोघांच्या मध्ये म्हाळसाबाई तशाच राहिल्या. मागच्या प्रवाशांनी तीन वेगवेगळ्या दिशांनी सूचना दिल्या. शेवटी त्यांना खाली उतरवून घेतलं तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "चल घरी. लोकांचा खोळंबा नगं." त्यानंतर राजवर्धनरावांनी मोठ्या मनानं आपली उंच नवी गाडी देऊ केली. स्टूल लावलं, तर त्यावर चढायलाच दुसरं स्टूल लागेल असं दिसलं. एकदा अर्ध्या आत गेल्या, पण उरलेलं अर्धं काही केल्या वर जाईना. सगळी सोसायटी गॅलरीत उभी होती. माझ्या आईची ही अवस्था चारचौघांत व्हावी, या विचारानं रामहरीला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

म्हाळसाबाईंनी मात्र कुणाला दोष दिला नाही. त्या सकाळ-संध्याकाळ देवघरापुढं जास्त वेळ बसायला लागल्या. देवघरात टाक होते, खंडोबा होता, अन्नपूर्णा होती आणि कडेला हळदकुंकवानं माखलेला एक लहानसा गोल काळा देव होता. कुठल्याशा यात्रेतून आईनं आणलेला असेल, असं रामहरी धरून चालला होता. म्हाळसाबाई त्या काळ्या देवापुढं वाकून पुटपुटायच्या, "बाबा, तूच बघ आता. माझ्या गाडीला बरं कर. सारजी वाट बघती." ऐकून रामहरीला गलबलायचं. नास्तिक नव्हता, पण तसा सवडीनं देव मानणारा माणूस. तोसुद्धा ऑफिसला निघताना त्या काळ्या देवाला बोटभर गंध लावून हात जोडायला लागला.

दिवाळी आली. राजवर्धनरावांनी एक गिऱ्हाईक आणतो म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक म्हणजे भंगारवाला, हे त्यांनी हळूच सांगितलं. रामहरी हो म्हणाला आणि त्या रात्री जेवला नाही.

सकाळी कौसल्याबाई चिंच घेऊन देव उजळायला बसल्या. ताटात सगळे देव उतरवलेले. रामहरी समोर खुर्चीत पेपर तोंडापुढं धरून बसला होता. वाचत काहीच नव्हता. भंगारवाला यायची वेळ झाली होती.

"अहो, हा कुठला देव?" कौसल्याबाईंनी चिंचेच्या हातानं काळा देव उचलला. "धुतला तर हळद सगळी निघाली. प्लास्टिकचा आहे."

"असेल यात्रेतला."

"ह्याच्यावर दिवा काढलाय. आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलंय."

रामहरीनं चष्मा लावला. गोल काळ्या चकतीवर खरंच दिवा होता. लांब चोचीचा, आणि चोचीतून एक थेंब टपकणारा. हा दिवा त्यानं कुठंतरी पाहिला होता. कुठंतरी कशाला, भवानीनगरजवळ तो त्याच्या नाकासमोर लाल होऊन विझायला तयार नव्हता! दिव्याखाली ठळक अक्षरांत 'इंजिन ऑईल' लिहिलं होतं. रामहरीनं ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चकती उलटी केली तर मागं आटे होते.

तो तसाच बनियनवर पोर्चमध्ये धावला आणि आयुष्यात पहिल्यांदा इंजिनात तोंड घालून उभा राहिला. सगळं इंजिन तेलानं न्हालेलं होतं. अगदी वर, तेल ओतायच्या तोंडावर, एक काळं झाकण बसलेलं होतं. उष्णतेनं त्याची कड वाकडी झाली होती आणि तिथून तेलाचे ओघळ खाली, थेट बुडापर्यंत गेले होते. सगळे इतके दिवस खाली वाकून बघत होते, आणि गळत होतं वरून.

"माझं झाकण!"

कौसल्याबाई त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा आवाज इतका चढला की भिंतीपलीकडे भामाबाईंच्या हातातलं भांडं पडल्याचं ऐकू आलं. झाकणावर त्यांनी स्वतः चिकटवलेल्या 'लिंबू' या चिठ्ठीचा 'लिं' अजून शिल्लक होता.

म्हाळसाबाई काठी टेकत दारात आल्या.

"आई, हे तू काढलंस?"

"व्हय. खंडेनवमीला तूच म्हणलास की, काय ठिवायचं ते ठिव. गाडी काय घरात येत न्हाय. मंग तिचं कायतरी देवापुढं नगं का? गाडीतला दिवा ह्याच्याव बी हाय. म्हणलं ह्योच गाडीचा देव."

"अगं, पण परत नाही का लावायचं दसऱ्याला?"

"कुनी मागितलंच न्हाय. इळी मागितली, दिली. कात्री दिली. तुजं आकडं करायचं यंत्र दिलं. ह्यो देव मला बरा वाटला, ऱ्हाऊ दिला. आन् गाडीचं त्वांड काय म्या उगडं ठिवलं न्हाय. झाकून ठिवलं की नीट!"

रामहरीला जमिनीवर बसायची इच्छा झाली आणि तो बसला. इतके दिवस ज्या झाकणावाचून गाडी रक्त ओकत होती, त्या झाकणाला तो रोज गंध लावून गाडीच्या तब्येतीसाठी हात जोडत होता.

पण खरा धक्का पुढंच होता. त्यानं म्हस्कूला फोन लावला. "मिस्त्री, ते वरचं झाकण..."

"लोणच्याचं ना? व्हय सायेब, पयल्याच दिशी बघितलं. वासच आला. गॅरेजात तर घट्ट बसलं व्हतं, थेंब येत नव्हता."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"आता सायेब," म्हस्कू अवघडून म्हणाला, "तुमी म्हणला, सगळं सोता बघतो. म्हणलं मानसाची आडचन आसती. मोठ्या मानसाला त्वांडाव कसं बोलायचं?"

रामहरीच्या डोळ्यांपुढून एकेक चेहरा सरकला. सिद्धूचं उघडून मिटलेलं तोंड. राजवर्धनरावांचं खोकणं आणि अर्धवट सोडलेलं काटकसरीचं वाक्य. भवानीनगरला गालात हसणारा तो परका माणूस. बारामतीपासून लासुर्ण्यापर्यंत ज्यानं ज्यानं बॉनेटखाली पाहिलं, त्या प्रत्येकानं ठरवून टाकलं होतं की हा पांढऱ्या शर्टातला हेडक्लार्क इंजिनाला लोणच्याचं झाकण लावून फिरतो. आणि कुणीही, एकाही माणसानं, केवळ त्याचा मान राखायचा म्हणून ते त्याला सांगितलं नव्हतं. इतका मान त्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. तो जमिनीवरच बसून राहिला.

कौसल्याबाई मात्र उठल्या, दिवाळीच्या चकल्यांचं ताट भरलं आणि भामाबाईंकडे गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं. ते हसणं कशावर होतं हे रामहरीला विचारावं लागलं नाही.

भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. रामहरीनं कधी नव्हे ते स्वतःच्या हातानं इंजिन पुसलं, शर्ट काळा करून घेतला, गाडीचं झाकण आटे जुळवून फिरवून बसवलं आणि म्हस्कूकडून ताजं तेल भरून आणलं. खोबरेल तेलाची बाटली आणि फणी पिशवीत होतीच. इतक्या दिवसांत म्हाळसाबाईंनी ती बाहेर काढलीच नव्हती.

भवानीनगर आलं, वास आला नाही. कारखान्याची चिमणी मागं पडली, धूर आला नाही. लासुर्ण्यात अंगणात गाडी थांबली तेव्हा रामहरी आधी गुडघे टेकून खाली वाकला. सारवलेली जमीन कोरडी होती. कोंबड्या येऊन, वाकून बघून निराश होऊन गेल्या.

आत सारजामावशीचे केस पार जटा झाल्यासारखे गुंतले होते. म्हाळसाबाई बाजेवर टेकल्या, बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक बट बोटांनी मोकळी करायला लागल्या. सारजाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते गुंत्यामुळं, असं तिनंच दोनदा सांगितलं.

"गाडी कशानं गं बरी झाली, आक्का?"

"देवानं किली. लई कडक देव हाय, सारजे. इतकं दिस साकडं घातलं, तवा पावला. आन् पावला ते सोता उठून गाडीत जाऊन बसला."

रामहरी दारात उभा होता. खरं काय ते सांगायला त्यानं तोंड उघडलं. मग त्या मांडीवरच्या डोक्याकडे आणि संथपणे चाललेल्या फणीकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की आईनं सांगितलं त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. बिघाड जिथं होता, नेमकं तिथंच ती इतके दिवस साकडं घालत होती. मिस्त्रीला, चेअरमनला, त्याला स्वतःला जे सापडलं नाही, त्याच्यापुढं ती रोज दोन वेळा बसत होती. तो बाहेर आला.

बाहेर सिद्धू घुटमळत होता. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दादा, राग मानू नगा. दिवाळी हाय. धाकट्या भावाकडनं समजा." त्यानं पुडी रामहरीच्या हातात कोंबली. "जुन्या गाडीचं मिळंना. शेवटी इंदापुरात एका जुन्या सामानवाल्याकडं गावलं. एवढ्याशा वस्तूपायी तुमी तरास काढायचा, आमी कशाला हाय मंग?"

पुडीत तेलाच्या तोंडाचं झाकण होतं. काळं, गोल, वर चोचीचा दिवा. दानधर्म घेतल्यासारखं तोंड करून रामहरी उभा राहिला. अरे, माझ्याकडे होतं रे, देवघरात होतं, असं सांगावं तर ते आणखी वाईट. सिद्धूच्या डोळ्यांत खरी माया होती. रामहरी म्हणाला, "बरं केलंस बाबा. अडलंच होतं."

निघताना म्हाळसाबाईंनी त्याच्या हातातली पुडी पाहिली, उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ! रिकामी जागा देवालाच बघवंना." पदराच्या टोकानं त्यांनी झाकण पुसलं, कपाळाला लावलं आणि फणीशेजारी पिशवीत जपून ठेवलं. "ह्यो घरात ऱ्हाईल. त्यो गाडीत ऱ्हाऊ दे. आता खंडेनवमीला कुनाला हलवायला नगं."

सारजामावशी बाजेवरून, घट्ट घातलेली वेणी पुढं घेऊन, दाराकडे बघत होती. "रईवारी?" तिनं विचारलं.

"रविवारी," रामहरी म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली. समोर लाल दिवा लागला. शेजारी म्हाळसाबाईंनी हात जोडले. रामहरीनं इकडं तिकडं पाहिलं, सिद्धूचं लक्ष नाही याची खात्री केली आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून त्यानंही जोडले.